एक बोट अलीकडे

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्याबद्दल माझं एकच म्हणणं असायचं, पोरगी भित्री आहे. पाहुणे आले की दाराआड उभी राहायची. शाळेत बाईंनी काही विचारलं की येत असलेलं उत्तरही गिळून टाकायची. पाढे म्हणताना सातापाशी अडखळायची, माझ्याकडे बघायची, आणि मग पुढचं सगळंच पुसून जायचं. मी स्वतः मोठ्या आवाजाचा माणूस. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये लेथच्या मशीनवर उभं आयुष्य गेलेलं. मशीनच्या वरताण बोलायची सवय लागते आणि ती घरीही येते, असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे लेथवर लागायच्या आधीपासूनच माझा आवाज तसा होता.

तर ह्या पोरीला धीट करायचं म्हणून मी तिला कराटेला घातलं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. गल्लीत थोडी चेष्टा झाली. शेजारचे एकजण म्हणाले, "पोरगीला तालमीत घालता येत न्हाई म्हणून ही चिनी कुस्ती व्हय?" मी म्हणालो, "चिनी न्हवं, जपानी." एवढंच माझं कराटेचं ज्ञान होतं.

वर्ग महापालिकेच्या एका शाळेत, प्रार्थनेच्या हॉलमध्ये, सकाळी सहाला भरायचा. मी सिनेमातल्यासारखा कुणीतरी दंडावर बेटकुळ्या असलेला गडी असेल असं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सर निघाले अंगानं काटकुळे, कपाळावर विभूती, बोलणं हळू. मूळचे गडहिंग्लजकडचे, घरात कन्नड आणि बाहेर मराठी. शहरात त्यांचं कापडाचं दुकान होतं. सकाळी पांढऱ्या कपड्यांत मुलांना शिकवायचे आणि दहानंतर गादीवर बसून दिवसभर मीटरनं कापड मोजायचे. तरुणपणी घरच्यांनी त्यांना धंदा शिकायला हुबळीला मामाच्या दुकानात पाठवलं होतं. धंदा शिकलेच, वर हेही शिकून आले.

पहिल्या दिवशी पोरीला रांगेत सोडून मी पायरीवर रुमाल अंथरला. सर जवळ आले.

"अण्णा, काय करालासा?"

"बसालोय. पोरगीला घिऊन आलोय."

"इथं बसायला जागा न्हाई. रांगेत उभं ऱ्हावा, न्हाईतर घरी जावा आणि सातला न्यायला या."

"मी? ह्या वयात?"

"वय कुठं इचारलं मी?"

घरी जाऊन परत येण्यात सगळा वेळ गेला असता, म्हणून मी पॅंट वर खोचून रांगेत उभा राहिलो. पण सुरुवात हातापायांनी नव्हे, फडक्यानं झाली. वर्गाआधी सगळ्यांनी मिळून फरशी पुसायची, हा तिथला रिवाज. ओलं फडकं दोन्ही हातांनी फरशीवर दाबायचं, कंबर वर, आणि ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत जायचं. डॉक्टरची मुलं, रिक्षावाल्याची मुलं, सगळी. माझं वय तेव्हा अडतीस होतं आणि अडतीस वर्षांत मी एकदाही फरशी पुसलेली नव्हती. मध्येच फडकं सटकलं आणि मी गुडघ्यांवर आपटलो. पोरगी खुदकन हसली. मग माझ्याकडे बघून तिनं ओठ दाबले.

घरी गेल्यावर तिनं आईच्या कानात सांगितलं. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "घरातली बी जरा पुसून जावा म्हणावं!"

रांग वयानं नव्हे, पट्ट्यानं लागायची. पट्टा सारखा असेल तर ज्याचं नाव वहीत आधी तो पुढे. मुलीचं नाव माझ्या आधी लिहिलेलं, म्हणून ती माझ्यापुढे. जोड्या लागल्या की समोरच्याला कमरेत वाकून नमस्कार करायचा, आधी खालच्यानं. आमच्याकडे पोरं बापाच्या पाया पडतात. इथं मला पोरीपुढे वाकायचं होतं. पहिले काही दिवस मी नुसती मान हलवून भागवलं. सर माझ्या पाठीवर दोन बोटं ठेवून खाली दाबायचे.

पुढचे सहा महिने आम्ही जवळजवळ काहीच शिकलो नाही, असं तेव्हा मला वाटायचं. उभं कसं राहायचं, पाऊल कसं टाकायचं, मूठ कशी वळायची. "इची, नी, सान" असे जपानी आकडे म्हणत शंभर वेळा तोच एक ठोसा हवेत. मी एकदा विचारलं, "सर, मारामारी कधी?" ते म्हणाले, "कुणाबरोबर करायची हाय?" मला पटकन नाव सुचलं नाही. सगळे हसले.

मोठी माणसं आम्ही तिघंचौघंच होतो. त्यात एक हवालदार होते, सहा फूट उंच, मिशा वळलेल्या, हाताचा पंजा असा की भाकरी झाकून जाईल. त्यांचा आवाज माझ्याहून मोठा होता, म्हणून मला ते आवडायचे. आकडे म्हणायची पाळी त्यांच्यावर आली की हॉलची परेड व्हायची.

आणि मग तो सोमवार आला.

सरांनी त्या दिवशी जोड्यांत नवा सराव घेतला. एकानं समोरच्याच्या चेहऱ्यावर ठोसा टाकायचा, पूर्ण जोरात, पण नाकाच्या एक बोट अलीकडे थांबवायचा. दुसऱ्यानं काही करायचं नाही. अडवायचं नाही, हलायचं नाही, फक्त डोळे उघडे ठेवून उभं राहायचं. वाटतं सोपं. येणारी मूठ बघत उभं राहणं भल्याभल्यांना जमत नाही.

माझी जोडी मुलीबरोबर लागली. मी वाकलो, ती वाकली. मी हात मागे घेतला, आणि माझी मूठ निघायच्या आधीच तिनं डोळे घट्ट मिटले. मान खांद्यांत गेली, चेहरा एका बाजूला वळला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी नुसता कोपर हलवला तरी तेच.

"अगं, डोळं का मिटालीस? मी काय खातोय व्हय तुला?" मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो. पोरं हसली. मीही हसलो आणि सरांना म्हणालो, "सांगितलं न्हवं सर, लई भित्री हाय म्हणून!"

सर हसले नाहीत. त्यांनी हवालदारांना बोलावलं आणि माझ्या जागी उभं केलं. माझी पोरगी त्यांच्या पोटापर्यंत येत होती. हवालदार गुडघ्यांत वाकले आणि त्यांनी ठोसा टाकला. वारा लागून तिच्या कपाळावरचे केस उडाले. पोरीची पापणीसुद्धा लवली नाही. दुसरा ठोसा, तिसरा. ती त्या मुठीकडे अशी बघत होती की जणू मुठीवर काहीतरी लिहिलंय. मग सरांनी स्वतः टाकला, आणि त्यांचा ठोसा तर दिसायचाही नाही. तरी ती तशीच उभी.

"आता पप्पा," सर म्हणाले.

मी पुढे आलो आणि हात वर केला. तिनं डोळे मिटले.

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं आणि मग आपल्या पायांकडे. मला काय झालं ते मी सरळ सांगतो, मला राग आला. लाज नंतर आली, आधी राग आला. ह्या पोरीनं चारचौघांत माझी शोभा केली, असं वाटलं. मी तिला मारायचो, म्हणजे आमच्या गल्लीत सगळे बाप मारायचे तेवढंच. पाढा चुकला, दूध सांडलं, उलट उत्तर दिलं, की एक ठेवून द्यायची. माझ्या वडलांनी मला पट्ट्यानं मारलेलं. मी फक्त हातानं मारतो, म्हणजे मी किती मऊ, असं मला मनापासून वाटत होतं. आणि माझा त्या पोरीवर जीव होता. संध्याकाळी येताना तिच्यासाठी खिशात काहीतरी आणल्याशिवाय मी घरी आलो नाही.

घरी जाऊन मी जाहीर केलं, "बंद ते कराटे. दोघांचं बी." दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर पोरगी घरात नव्हती. "हवालदार आलते सायकल घिऊन," बायको म्हणाली. "त्यांच्याबरोबर लावून दिली. तुमचं तुम्ही बघा." एवढं बोलून तिनं माझ्यापुढे चहा ठेवला.

पंधरा दिवस मी गेलो नाही. सोळाव्या दिवशी संध्याकाळी कामावरून सुटलो ते सरळ सरांच्या दुकानात. गादीवर दोन गिऱ्हाईकं होती. मी पायरीवरूनच म्हणालो, "सर, माझी पोरगी मला भिती, असं तुम्हाला म्हणायचंय काय?"

सर मांजरपाटाचं ठाण उलगडत होते. "मी कुठं काय म्हणालो? मी कायच म्हणलो न्हाई. बसा की." गिऱ्हाईकं जाईपर्यंत त्यांनी मला बसवून ठेवलं. मग चहा मागवला आणि म्हणाले, "तुम्हीच म्हणालतासा, पोरगी भित्री हाय. मला तेवढं दुरुस्त करायचं होतं. ती भित्री न्हाई ओ. हवालदाराला भ्यायली न्हाई. मला न्हाई. कुत्र्याला न्हाई, अंधाराला न्हाई, मी इचारलंय तिला. अशी पोरगी माझ्याकडं दुसरी न्हाई."

मला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी चहात बघत होतो. मी म्हणालो, "मग आता काय करायचं?"

"उद्या या," सर म्हणाले. "आणि फडकं घरनं आणा. तिथली फाटल्यात सगळी."

त्यांचा उपाय असा होता. जोडीत मी ठोसा टाकायचा नाही. पोरीनं टाकायचा आणि मी उभं राहायचं. मी म्हटलं, ह्यात काय आहे. ती हवेत एवढीशी मूठ घेऊन समोर आली, वाकली, आणि तिनं ठोसा टाकला. मी डोळे मिटले. अडतीस वर्षांचा माणूस, नऊ वर्षांच्या पोरीच्या मुठीला. ती वाट बघत थांबली आणि मग हळूच म्हणाली, "पप्पा, डोळं उघडा की."

त्या दिवशी हॉल जो हसला, त्यात माझं हसणं सगळ्यात मोठं होतं. पण समोरून मूठ येताना कसं वाटतं, ते मला पहिल्यांदा कळलं. मूठ लहान असो की मोठी, ती थांबेल की नाही हे दुसऱ्याच्या हातात असतं. पोरगी ती थांबवायची, रोज, न चुकता, एक बोट अलीकडे. कधी एकदाही तिनं मला लागू दिलं नाही.

माझा स्वतःचा सराव भिंतीपुढे होता. शाळेच्या भिंतीला चुना होता. हात लावला की लागणारा. सर मला भिंतीपुढे उभं करायचे आणि पूर्ण जोरात शंभर ठोसे टाकायला लावायचे, भिंतीला न लावता. शेवटी माझी मूठ उलटी करून बघायचे. बोटांच्या मुळांवर पांढरं दिसलं की म्हणायचे, "आज न्हाई." कधी भिंतीपासून वीतभर लांबच थांबून मी मूठ स्वच्छ दाखवली, तर ते त्यांना बरोबर कळायचं. "भिऊन थांबला तो थांबला न्हवं," म्हणायचे. "जवळ जावा, आणि थांबा."

मी टर्नर, लेथवर लोखंडाचे भाग कातणारा माणूस. केसाच्या जाडीएवढाही जॉब इकडेतिकडे झाला तर परत पाठवायचो. लोखंड मला ऐकायचं. स्वतःचा हात मात्र पाच महिने ऐकत नव्हता. कामावर माझ्या हाताला ऑइल आणि त्याखाली सकाळचा चुना, हे बघून मित्र विचारायचे, घर रंगवालास काय? मी हो म्हणायचो.

सहाव्या महिन्यात मूठ स्वच्छ निघाली. दुसऱ्या दिवशीही. मला वाटलं, जमलं. मी पेढे घेऊन घरी आलो.

त्याच आठवड्यात पोरीनं माझा व्हर्निअर, बारीक मापं घ्यायचं हत्यार, खेळायला घेतला आणि पाडला. तो माझ्या कामाचा जीव होता. त्याचा जबडा वाकलेला बघितला आणि माझा हात गेला. आणि थांबला. तिच्या गालाच्या एक बोट अलीकडे थांबला, अगदी भिंतीपुढे थांबायचा तसा. मला स्वतःचं कौतुक वाटलं, एक क्षणभर. मग मी तिच्याकडे बघितलं. तिनं डोळे मिटलेले होते आणि मान खांद्यांत घातलेली होती. हात लागला नाही हे कळायलाही तिला वेळ लागला. मग तिनं एक डोळा उघडला.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हात थांबला म्हणून शाबासकी देतील. ते म्हणाले, "हात तुमचा हाय, तो सहा महिन्यांत शिकला. डोळं तिचं हायत. ते तुमच्या हुकमानं उघडायचं न्हाईत. तुम्ही रोज थांबा. ती मोजत बसली असंल, नसंल, तुम्ही इचारू नका."

मी विचारलं नाही. वर्गात ठोसा टाकायची पाळीही मागितली नाही. रोज सहाला जाऊन फरशी पुसत राहिलो, तिच्यापुढे वाकत राहिलो, आता पाठीवर बोटं न लागता. तिचा पट्टा पिवळा झाला, मग हिरवा. माझा तिच्या मागून. घरात आरडाओरडा चालूच होता, तो काही गेला नाही, स्वभावच तसा. पण हात पुन्हा उठला नाही.

पुढे दोन हजार सालानंतर गावात कराटेचे वर्ग गल्लोगल्ली झाले. दर तीन महिन्यांनी नवा पट्टा, सुट्टीत स्पर्धा, घरात कप ठेवायला जागा नाही. पालक खुर्च्यांवर बसून ओरडायचे, "मार तिला, मार!" मला त्यांचा राग यायचा, अजूनही येतो. ज्याला आपल्या पोराला धीट करायचंय त्यानं आधी स्वतः फडकं घेऊन फरशीवर वाकावं, असं माझं मत आहे आणि ते मी कुणी न विचारता सांगतो. आता कुणी मला विचारतं की असल्या जुन्या पद्धतीच्या कवायतीचा आजच्या जगात काय उपयोग. गुंडाशी गाठ पडली तर काय, वगैरे. मला गुंड कधी भेटला नाही. जो भेटला तो मीच होतो, आणि त्याला आवरायला मला तेवढी एक पद्धत सापडली.

एक गोष्ट सांगायची राहिली. तेव्हा पोरगी बारा-तेरा वर्षांची झाली होती. रविवारची दुपार. वर्कशॉपमध्ये अडकलेलं काम बघायला गेलो होतो आणि माझ्या हाताखालच्या माणसानं शंभर जॉब उलटे कापून ठेवले होते. मी डोकं फिरलेल्या अवस्थेत घरी आलो. चपला काढल्यापासून माझं तोंड चालू होतं. पोरगी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जेवत होती, बायको चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी ओरडत आत गेलो, त्या माणसाच्या सात पिढ्या काढत, आणि बोलता बोलता पोरीच्या डोक्यावरच्या फळीवरून चटणीचा डबा घ्यायला हात झटक्यात वर केला.

पोरगी जेवत होती. तिनं घास तोंडात घातला, मान किंचित बाजूला केली, म्हणजे माझ्या कोपराला जागा व्हावी म्हणून, आणि वर न बघताच म्हणाली, "तिथं न्हाई पप्पा. आईनं डबा पलीकडं ठेवलाय."

मी हात तसाच वर ठेवून उभा राहिलो. तिचे डोळे उघडे होते. ती ताटातल्या आमटीकडे बघत होती आणि तिच्या डोक्यात आमटीशिवाय काही नव्हतं. थोड्या वेळानं ती उठली, हात धुतले आणि बाहेर खेळायला पळाली. तिला काहीच कळलं नाही.

मी बायकोकडे बघितलं. तिची अर्धी थापलेली भाकरी तशीच परातीत होती. मला वाटलं, पोरीचं तिनंही बघितलं, आता हसेल. मी म्हणालो, "बघितलीस?"

"बघितलं की," ती म्हणाली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोरीचं ऱ्हाऊ दे. तुमचा हात वर गेला आणि आज पयल्यांदा मला बी धस्स झालं न्हाई."

तिच्यावर मी आयुष्यात कधी हात उचलला नव्हता. हे मी चारचौघांत अभिमानानं सांगायचो.